थोरल्याच्या वाट्याला आलेली कामं

थोरलं मूल जबाबदार, मधलं आपलं आपण वाढलेलं आणि शेंडेफळ लाडावलेलं, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. स्थळ सांगताना "मुलगी थोरली आहे, सगळ्यांना सांभाळून घेईल" हे वाक्य हमखास येतं आणि समोरची मंडळी मान डोलावतात.

ही समजूत तपासून झालेली आहे आणि तपासात ती फारशी टिकलेली नाही. २०१५ साली दोन मोठे अभ्यास लागोपाठ प्रसिद्ध झाले. एकात अमेरिकेतल्या हायस्कुलांतल्या ३,७७,००० मुलामुलींची माहिती होती, दुसऱ्यात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची. माणूस बोलका की अबोल, काळजी करणारा की निवांत, टापटिपीचा की गबाळा, याचा जन्मक्रमाशी असलेला संबंध दोन्हीकडे नसल्यातच जमा निघाला. पहिल्या अभ्यासात सरासरी सहसंबंध ०.०२ होता (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). एवढ्यावर कुणाचं स्थळ ठरवू नये.

मग प्रत्येक घरात आपल्याला तो फरक दिसतो कसा? एक कारण अगदी साधं आहे. घरातला थोरला हा नेहमीच वयानेही मोठा असतो. बारा वर्षांची ताई आणि सात वर्षांचा धाकटा शेजारी उभे केले तर ताई समंजस दिसणारच. धाकटा बारा वर्षांचा होईल तेव्हा त्याची तुलना सतरा वर्षांच्या ताईशी होत असते, त्यामुळे त्याला बरोबरी साधायची संधी कधी मिळतच नाही. दुसरं कारण असं की भावंडांनी एकमेकांबद्दल दिलेली माहिती घरातल्या वागण्याची असते. घरात हुकूम सोडणारा दादा ऑफिसात तोंड उघडत नाही, हे धाकट्याला ठाऊक नसतं.

बुद्ध्यांकात मात्र थोडा फरक सापडतो. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी चाचणी दिलेल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. थोरल्यांची सरासरी दुसऱ्या क्रमांकाच्या भावंडांपेक्षा दोन-अडीच गुणांनी जास्त होती. यातला खरा कळीचा भाग पुढे आहे. ज्यांचं थोरलं भावंड लहानपणीच दगावलं होतं आणि जे घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुणही थोरल्यांइतकेच निघाले. म्हणजे जन्माचा क्रम नाही, घरातली जागा महत्त्वाची ठरली. दोन-अडीच गुण म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात काहीच नाही. पण जागेमुळे माणूस घडतो, हे यातून सरळ दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की थोरलेपण ही घरातली एक जागा आहे आणि त्या जागेबरोबर कामं येतात. चाळिशीतला थोरला ज्याला आपला स्वभाव समजतो त्यातलं बरंचसं वर्षानुवर्षं केलेल्या कामाचं वळण असतं. स्वभाव बदलायला कठीण. कामाची वाटणी मात्र करता येते, आणि ती कशी करायची हे पुढे लिहितो आहे.

त्याआधी थोरल्याच्या पदरात पडणाऱ्या झुकत्या मापाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे सगळं रडगाणं होईल. भारत आणि आफ्रिकेतल्या १,६८,००० हून जास्त मुलांच्या उंचीचा अभ्यास २०१७ साली आला. भारतातले पहिले मुलगे आफ्रिकेतल्या पहिल्या मुलग्यांपेक्षा उंचीला सरस होते. भारतीय मुलांची उंची मागे पडते ती दुसऱ्या अपत्यापासून, आणि प्रत्येक पुढच्या अपत्याबरोबर ही तूट वाढत जाते. थोरल्या मुलाला मिळणारं झुकतं माप हे याचं एक मोठं कारण अभ्यासकांनी दाखवलं. दुधाचा पेला, डॉक्टरची फेरी, चांगली शाळा, यांत पहिला नंबर थोरल्याचा. थोरली मुलगी असेल आणि घर मुलाची वाट बघत असेल तर हेही तिच्या वाट्याला पुरतं येत नाही. कामं मात्र सगळी येतात.

कामांची सुरुवात दुसरं बाळ घरी येतं त्या दिवशीच होते. अडीच-तीन वर्षांचं मूल तोपर्यंत घरात एकटंच राज्य करत असतं. बाळ आलं की ते पुन्हा चड्डीत शू करायला लागतं, बोबडं बोलतं, बाटली मागतं. हे काही आठवडे चालतं आणि आपोआप ओसरतं, फक्त त्यावर "शी, एवढा मोठा झालास आणि" हे वाक्य येता कामा नये. व्यवहारातल्या चार गोष्टी सांगतो. शाळा सुरू करणं, वेगळं झोपवणं, दूध तोडणं, यातलं काहीही बाळंतपणाच्या आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे दोन-तीन महिने करू नये. सगळ्या बदलांचं खापर बाळावर फुटतं. आईची आणि थोरल्याची दवाखान्यातली पहिली भेट होताना बाळ पाळण्यात असावं, आईचे हात मोकळे असावेत. "आईला त्रास नको" म्हणून थोरल्याला महिनाभर आजोळी पाठवायची चाल अनेक घरांत आहे, पण त्याला त्याचा अर्थ एकच कळतो, की बाळ आलं आणि आपल्याला बाहेर काढलं. आणि रोज पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, फक्त त्याच्यासाठी. खेळ त्याने निवडायचा, बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यायचं.

पुढे घरकामात मदत घ्यायला काहीच हरकत नाही. तीन वर्षांचं मूल दुपटं आणून देतं, सहा वर्षांचं पाळणा हलवतं, दहाव्या वर्षी धाकट्याला गोष्ट वाचून दाखवतं. गडबड होते ती मदतीची राखण होते तेव्हा. आठ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर दोन वर्षांचं मूल सोडून आई गच्चीवर वाळवण घालायला गेली, मूल पडलं, आणि ओरडा खाल्ला मुलीने. असं पाच-सहा वेळा झालं की त्या मुलीच्या डोक्यात पक्कं बसतं की कुणाचंही काहीही बिघडलं तर ते माझ्यामुळे. तीसाव्या वर्षी हीच मुलगी ऑफिसात दुसऱ्याची चूक रात्री जागून निस्तरते, मदत मागत नाही, आणि साहेब तिला "फार जबाबदार" म्हणतात. पगार वाढवत नाहीत, ते वेगळं. नियम सोपा ठेवावा: पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाकडे काम सोपवावं, दुसऱ्या मुलाचा जीव सोपवू नये.

कामापेक्षाही जड असतं ते ऐकणं. आई नवऱ्याच्या, सासूच्या, पैशाच्या तक्रारी अकरा वर्षांच्या थोरलीपाशी बोलते, कारण ती "समजूतदार" असते. कुटुंबांबरोबर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ गेली पन्नासएक वर्षं हा फरक मांडत आले आहेत: मुलाने स्वयंपाकात हात लावणं एकवेळ चालतं, त्याने आईबापांचा आधार बनणं महागात पडतं. भांडी घासून झाली की काम संपतं. आईचं दुःख ऐकून संपत नाही. अशी मुलं मोठेपणी घरच्यांच्या फोनची रिंग वाजली तरी आधी काय बिघडलं असेल याचाच विचार करतात.

आपल्याकडे या नेमणुकीला जुनी परंपराही आहे. ज्येष्ठ अपत्याचं नाव तोंडाने घेऊ नये असं एका सुभाषितात सांगितलं आहे, त्यामुळे कित्येक घरांत आईबापसुद्धा पोटच्या मुलाला दादा नाहीतर ताई म्हणून हाक मारतात. थोरलीचं लग्न अडलं असेल तर धाकटीचंही अडतं, हे तर अजूनही सर्रास चालतं.

आता मोठेपणीचं. इथे स्वभावाच्या गप्पा बाजूला ठेवून कागद उघडायचे, कारण थोरल्याची सगळ्यात मोठी भांडणं कागदावर होतात.

गावाकडे शेती असेल तर पहिला कागद सातबारा. पूर्वी वडील वारले की सगळ्या भावंडांऐवजी एकट्या थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि पुढे बारीक अक्षरांत 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा पुढारी. तो मालक नव्हता, सगळ्यांच्या वतीने नाव लावलेला होता. पण पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाने येतं. त्यात थोरला भाऊ वारला की वारस म्हणून त्याच्या मुलांची नावं लागतात, काका-आत्यांची राहून जातात, आणि चुलतभावांत वीस वर्षं चालणारा दावा उभा राहतो. बऱ्याचदा यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. नोंद तशीच राहिली, एवढंच.

म्हणून थोरला हयात असतानाच हे उरकावं. ज्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) ते नाव लागलं तो जुना फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल, आधी काढायची. एकुमॅ म्हणून नाव लागल्याचा तोच मुख्य पुरावा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. मग वडिलांचा मृत्यूदाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांचे आधार जोडून तलाठ्याकडे अर्ज. तलाठी नोंद धरतो, सगळ्यांना नोटीस जाते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथे अडतं ते दोन ठिकाणी. वंशावळीत एखादी लग्न होऊन गेलेली आत्या गाळलेली असते, ती नाहीतर तिची मुलं हरकत घेतात आणि नोंद 'तक्रारी'त जाते. किंवा जुन्या फेरफारावर एकुमॅ हा शेरा असतो पण संगणकीकरणाच्या वेळी तो सातबाऱ्यावर उतरलेलाच नसतो. दुसऱ्या प्रकारात आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

बहिणींचं नाव सातबाऱ्यावर मालकांत न लावता 'इतर हक्कात' टाकून ठेवायची जुनी सवय आता सोडायला हवी. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क २२ जून १९९४ पासून दिला, तेव्हा फक्त अविवाहित मुलींना. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलीही आल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. कर्तेपणही, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभार बघणंही, थोरल्या मुलाची मक्तेदारी राहिलेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घरातल्या सर्वांत ज्येष्ठ सहदायक (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटा असलेल्या) मुलीला कर्ता मानलं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. "नुसती सही कर" म्हणून कोऱ्या कागदावर घेतलेली सही कामाची नसते, आणि थोरल्याने ती मागूही नये. ज्या भावाने अशी सही घेतली त्याच्याकडे भाऊबीजेला येणं बहिणी बंद करतात, हे कुठल्याही गावात विचारा.

बँकेचं थोडक्यात सांगतो. वडील नॉमिनी म्हणून सगळीकडे थोरल्याचं नाव टाकतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे उचलून वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त. पण घरात हे माहीत नसतं आणि थोरल्यावर संशय येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. तीन भावंडं असतील तर तिघांची नावं लावावीत. लॉकरला मात्र एकानंतर एक असाच क्रम लावता येतो. आणि धाकट्याच्या कर्जाला जामीन राहताना एक कलम वाचून राहावं: करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ता चुकला तर बँक थेट दादाकडे येऊ शकते, आणि दादाच्या स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी ते कर्ज त्याच्या नावावर दिसतं.

आईवडिलांच्या खर्चाची वाटणी समान करू नये, मिळकतीच्या प्रमाणात करावी. समजा दोघांचा महिन्याचा खर्च ३०,००० आहे आणि पेन्शन १२,००० येते. राहिले १८,०००. थोरल्याचा पगार १,२०,०००, मधलीचा ६०,०००, तर १२,००० आणि ६,०००. तिसरा धाकटा आईवडिलांजवळ राहतो, त्याची मिळकत बेताची. तो काहीच देत नाही असं बाकीचे म्हणतात ते चूक आहे. दिवसभरासाठी बाई ठेवली असती तर जे पैसे लागले असते ती रक्कम त्याच्या नावे जमा धरायची. हे तोंडी ठेवलं तर सहा महिन्यांत विसरलं जातं. एक सामायिक शीट ठेवावी: तारीख, कशासाठी, रक्कम, कुणी भरली, बिलाचा फोटो. वडिलांचं खातं थोरला चालवत असेल तर महिन्याचं स्टेटमेंट भावंडांच्या ग्रुपवर टाकावं. कुणी मागितलं नाही तरी टाकावं, विशेषतः कुणी मागितलं नाही तेव्हा. कायद्यालाही थोरला-धाकटा हा भेद मान्य नाही. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही सारखाच लागू आहे.

दवाखाना हा थोरल्याचा हातखंडा. तिथे तो सगळं एकटा ओढतो आणि चौथ्या दिवशी कुणावर तरी खेकसतो. तीन कामं तीन माणसांना द्यावीत. एक फाइल सांभाळतो आणि डॉक्टरांशी फक्त तोच बोलतो. दुसरा विम्याचं बघतो. तिसरा रात्रीच्या पाळ्या लावतो. फाइलमध्ये पॉलिसीची प्रत, आधारची झेरॉक्स, चालू गोळ्यांची यादी मात्रेसकट, कशाची ॲलर्जी, मागचा डिस्चार्ज कागद आणि जुना ईसीजी असावा. जुना ईसीजी सगळे विसरतात, आणि छातीत दुखलं म्हणून नेलं की डॉक्टर आधी तोच मागतात. विम्याचं काम परदेशातल्या भावालाही देता येतं, ते फोन आणि ईमेलवरच चालतं. २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत उत्तर द्यायला हवं. ते आलं नाही तर पाठपुरावा करणारा माणूस रुग्णाच्या उशाशी बसलेला नसावा.

काम सोपवल्यावर काय होतं तेही ठाऊक असावं. धाकटा पहिल्यांदा विम्याचा अर्ज चुकीचा भरतो. थोरला "सोड, मी करतो" म्हणतो आणि वाटणी तिथेच संपते. चूक निस्तरायची तर धाकट्याच्या हातूनच निस्तरू द्यावी. तीन महिने तरी काम परत घेऊ नये, फक्त पैसे किंवा जीव धोक्यात असेल तेवढा अपवाद. आणि धाकट्यांनीही "दादा बघेल" हे बोलणं बंद करावं. पन्नाशीतल्या माणसाला धाकटेपणाची सवलत मागताना बघणं जरा विनोदीच असतं.

राहिला कुळाचार. थोरल्याच्या घरी गणपती, थोरल्या सुनेकडे गौरीचे मुखवटे, हा रिवाज. थोरली जाऊ साठीची झाली, गुडघे दुखतात, सोळा भाज्या निवडणं होत नाही, तरी मुखवटे हलवायचं नाव कुणी काढत नाही. पण मूळ घरातला गणपती पाळीने भावांनी करायचा ही पद्धत बऱ्याच कुटुंबांत आहेच, गौरीलाही ती लावता येते. मुखवटे एका डब्यात, त्यात एक वही: नैवेद्याची यादी, कुळाची रीत, उभ्याच्या की खड्याच्या, सवाष्ण कोण, कुठल्या वर्षी कुणाची पाळी. मोठ्या काकू किंवा आत्या हयात आहेत तोवर ती वही त्यांच्याकडून लिहून घ्यावी, कारण धाकट्या घरातल्या कुणालाच यातलं काही विचारायची वेळ आजवर आलेली नसते.